क्वीन्समधली डेली आणि अलिबागचं नारळाचं दूध

गेल्या गुरुवारी इथे दिवसभर पाऊस आणि वर बोचरा वारा, ऑफिसातून येताना मी सरळ कोपऱ्यावरच्या डेलीत, म्हणजे ज्यू पद्धतीची सँडविचेस आणि सूप मिळणाऱ्या खानावळीत, शिरले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्सला राहायला येऊन चार वर्षं होतील आता, पण पहिलं वर्षभर मी या दुकानाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, कारण मी बीफ खात नाही आणि डेली म्हणजे पास्त्रामी एवढंच डोक्यात होतं.

पास्त्रामी इथलं खरं दैवत आहे. बीफ कितीतरी दिवस मिठाच्या पाण्यात मुरवायचं, वरून मिरी न् धणे चोळायचे, धुरावर ठेवायचं, शेवटी वाफेवर मऊ करायचं आणि गिऱ्हाईक आलं की सुरीने चकत्या पाडून राय ब्रेडवर रचायच्या, सोबत फक्त मोहरीचा सॉस. रोमानियातून आलेल्या ज्यू लोकांनी ही विद्या न्यूयॉर्कला आणली. मॅनहॅटनला लोअर ईस्ट साइडला कॅट्झ म्हणून डेली आहे, १८८८ पासूनची, तिथे टुरिस्टांची रांग असते. आमची ही मात्र गल्लीतली, रोजचीच माणसं येतात, एकटे राहणारे म्हातारे आजोबा पेपर घेऊन दोन दोन तास बसतात आणि त्यांना कोणी उठवत नाही, हे मला फार आवडतं.

बसल्याबसल्या टेबलावर काकड्यांचं लोणचं येतं. व्हिनेगर नाही हं, नुसतं मिठाचं पाणी, लसूण आणि शेपू! थोडे दिवस मुरलेली ती हाफ सावर, जास्त मुरलेली फुल सावर. पहिल्यांदा चावली तेव्हा आजीच्या बरणीतल्या खारातल्या कैऱ्या आठवल्या, तोच वास, मिठाच्या पाण्यात मुरल्याचा.

आणि मग सूप. मात्झो बॉल सूप म्हणजे चिकनचं पातळ पिवळं सूप आणि त्यात एक मोठ्ठा मऊ गोळा. पासओव्हरच्या सणाला ज्यू लोक जी बिनआंबवलेली कडक पोळी खातात ती मात्झो, तिचा भरडा, अंडी आणि कोंबडीची कढवलेली चरबी घालून तो गोळा करतात. त्या चरबीला श्माल्ट्झ म्हणतात. मी एकदा वाढणाऱ्या मावशींना विचारलं की बटर का नाही घालत, तर त्या म्हणाल्या, अगं मांसात दूध कसं चालेल? करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस अशी आज्ञाच आहे त्यांच्या धर्मग्रंथात, म्हणून मांसाबरोबर दूध नाही, लोणी नाही, चीज नाही, काटेकोर पाळणाऱ्यांच्या घरी तर भांडीपण वेगळी.

आणि मला एकदम अलिबागचं आमच्या शेजारचं घर दिसायला लागलं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, काकूंचं. आमच्या भागात या लोकांना पूर्वी शनवार तेली म्हणायचे, तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे म्हणून. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले असं लहानपणापासून ऐकलंय. काकूंच्या मटणात दही कधीच नसायचं, नारळाचं दूध असायचं. नारळ काय, कोकणात सगळ्यांच्याच कालवणात असतो, म्हणून तेव्हा कधी प्रश्नच पडला नाही. पण कारण हेच होतं ना! एकच नियम, पोलंड-रोमानियाच्या थंडीत त्याने कोंबडीची चरबी शोधली आणि आमच्याकडे नारळ शोधला. सूप गार झालं माझं विचार करता करता.

आमची ही डेली तशी कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी, नाही, ज्यू-स्टाइल म्हणतात तसली आहे, म्हणजे पदार्थ तेच पण नियम नाहीत, मेनूवर रूबेन सँडविच आहे ज्यात कॉर्न्ड बीफवर, म्हणजे खारवलेल्या बीफवर, चक्क स्विस चीज वितळवतात. पण मावशी स्वतः अजून मांसाबरोबर चीज खात नाहीत. आईला आवडलं नसतं, एवढंच म्हणतात.

तर गेल्या गुरुवारी गर्दी नव्हती म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं, की आमच्या गावात ज्यू आहेत, घरात मराठी बोलतात, बरेचसे १९४८ नंतर इस्राएलला गेले पण सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ, अजून आहे. मावशी समोरच्या खुर्चीत बसल्याच. साडी नेसतात का, शुक्रवारी दिवे लावतात का, मटणात नक्की काय काय घालतात, प्रश्नांवर प्रश्न. नारळाचं दूध हे त्यांनी ऑर्डरच्या वहीत लिहून घेतलं.

मग मी मलिद्याबद्दल सांगितलं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि सुकामेवा. काकूंकडे एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे ज्यूंच्या एलिया प्रेषिताच्या, नावाने करायचे, नवस फेडताना, आणि ताट आधी आम्हा पोरांकडे यायचं. एलियाहू म्हटल्यावर मावशींनी माझा हात धरला. त्यांच्याकडे पासओव्हरच्या रात्री त्याच्यासाठी वाइनचा एक पेला भरून ठेवतात.

काल जॅक्सन हाइट्सच्या देशी दुकानात जाऊन जाडे पोहे आणि फ्रोजन खोबरं आणलंय. येत्या गुरुवारी डबा घेऊन जाणार आहे.