जाणाऱ्या मेलला फिल्टर लावला, माझा अनुभव

आमची पावसजवळ हापूसची बाग आहे. एप्रिल-मेमधे मी दिवसभर कलमांत, हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी), आणि गिऱ्हाइकांना दर नि पेट्यांचे मेल मात्र रात्री माझ्याच आयडीवरनं जातात. उत्तरं येतात दुपारी, मी बघतो संध्याकाळी, तोवर पुण्याची गाडी गेलेली असते. म्हणून ठरवलं की आंब्याच्या मेलची उत्तरं परस्पर वहिनीकडे जायला हवीत, बँकेची आणि घरची सोडून. म्हणजे रिप्लाय-टू हेडर, उत्तर कुठल्या पत्त्यावर जावं ते सांगणारी मेलमधली ओळ, जुनीच सोय आहे ही, ईमेलच्या १९८२ च्या मानकात, आरएफसी ८२२ मधे पण आहे, पण दरवेळी हाताने कोण टाकत बसणार.

हे आपोआप करायला फिल्टर, म्हणजे मेलवर आपोआप चालणारे नियम, बघितले. जीमेलचे फिल्टर येणाऱ्या मेलवरच चालतात. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममधे फिल्टरला 'आफ्टर सेंडिंग' दिसलं आणि एकदम बरं वाटलं, पण ते खरंच पाठवल्यानंतरचंच आहे, मेल गेलेला असतो, आपण आपल्याकडच्या कॉपीला टॅग लावायचा नाहीतर ती दुसऱ्या फोल्डरमधे टाकायची. तिथे वेगळी आयडेंटिटी (पाठवणाऱ्याची दुसरी ओळख) करून तिला रिप्लाय-टू देता येतो, पण मग मेल लिहिताना ती आठवणीने निवडायला लागते, आणि दिवसभर उन्हात काढल्यावर रात्री ते राहूनच जातं.

शेवटी लिनक्सवर केमेल हा मेलचा दुसरा प्रोग्रॅम घेतला. फिल्टर केला, विषयात 'हापूस' असेल तर रिप्लाय-टू वहिनीचा. खाली फिल्टर कधी चालवायचा त्याच्या टिका असतात, तिथे मी 'टू सेंट मेसेजेस' वर टिक केली. सेंटमधला मेल उघडून बघितला तर वहिनीचा पत्ता व्यवस्थित आलेला, मग काय, सहा जणांना मेल टाकले.

दुसऱ्या दिवशी सगळी उत्तरं माझ्याकडेच.

मग स्वतःच्याच जीमेलवर एक टेस्ट मेल पाठवला आणि तिथे मेलच्या सगळ्या हेडर ओळी दाखवणारं 'शो ओरिजिनल' उघडलं, तर रिप्लाय-टूची ओळच नाही! माझ्याकडची कॉपी बदलत होती, गेलेल्या मेलमधे काहीच बदल नव्हता. केमेलच्या त्या टिकांमधे 'बिफोर सेंडिंग' म्हणून वेगळी टिक आहे, ती लावली, आधीची काढली, परत टेस्ट केली, आणि यावेळी ओळ आली. सेंट फोल्डर बघून खात्री करू नका हो, समोरच्याच्या इनबॉक्समधे काय पोचलं ते बघा.

परवा झाडावर होतो तर दुपारी बारालाच वहिनीचा फोन, "भावोजी, कोथरूडवाल्यांचं उत्तर आलंय, अजून दोन पेट्या हव्यात म्हणतायत, अढीतल्या काढू का?"