कच्च्या तेलाची धार

आमच्या बार्शीच्या घरी भाकरी तव्यावरून उतरली की आधी तेलाची किटली पुढे यायची. ताटात तिखट, मीठ, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि वरून कच्च्या तेलाची धार. भाजी नंतर. तेल बहुतेक वेळा करडईचं, जरा उग्र, सणावाराला शेंगदाण्याचं. ओल्या शेंगा सोलताना बोटांना लागतो ना, तसा गोडसर वास त्याला. लग्नानंतर पुण्यात पिशवीतलं रिफाइंड तेल आलं. तळणाला ते बरं, पण भाकरीवर घातलं की नुसतं ओशट. कितीतरी वर्षं मी तिखट-तेल खाणंच सोडून दिलं होतं.

घराजवळ लाकडी घाणा सुरू झाला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात गेले. बैलाच्या जागी मोटार आहे, पण लाट, म्हणजे दाणे चिरडणारा दांडा, लाकडाचीच. दाणे चिरडायला लागले की आधी कूट होतं, मग त्याचा गोळा. घाणेवाले मामा मुठीनं थोडं पाणी शिंपडतात आणि गोळ्याच्या कडेनं तेल सुटायला लागतं. हे सगळं बघत मी तासभर उभी राहते. 10 किलो दाण्यांना साधारण 4 लिटर तेल, बाकी पेंड. तेल आधी गढूळ असतं. स्टीलच्या पिंपात दोन-तीन दिवस हलवायचं नाही, गाळ खाली बसतो. मग वरचं तेल अलगद काढून घ्यायचं. गाळ आणि पाण्याचा अंश राहिला की तेल लवकर खवट होतं.

तीन वर्षांपूर्वी मी स्वस्तात मिळाले म्हणून 20 किलो दाणे घेतले. पोतं खालून दमट होतं, तरी घेतलं आणि न निवडता घाण्यावर दिलं. तेलाला कुबट वास आला, घास गिळल्यावर मागे कडवटपणा राहायचा. त्यात विषच होतं असं मी म्हणणार नाही, तपासून घेतलं नव्हतं. पण लेक सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिनं उरलेले दाणे हातात घेतले आणि मला बसवून समजावलं. भुईमूग ओला राहिला की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ते वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भाजून, तळूनही ते पुरतं जात नाही. हे जगाला कळलं ते 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती.

रिफाइंड करताना तेल क्षारानं धुतात, मातीतून गाळतात. त्यात वास जातो आणि हे विषही बहुतांशी जातं. घाण्याच्या तेलातून काहीच काढलेलं नसतं. म्हणूनच ते मला आवडतं, आणि म्हणूनच दाणे निवडायचं काम माझ्याकडे आलं. आता पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघते. दाणे कडकडीत वाळलेले हवेत, मुठीत खुळखुळले पाहिजेत. मग परातीत पसरून सुरकुतलेले, काळपट, कोंब फुटलेले, भोक पडलेले काढते. 10 किलोला अख्खी दुपार जाते. मामा म्हणतात, "ताई, इतकं कुणी निवडून आणत नाही हो."

लेकीनं आणखी एक गोष्ट थांबवली, ती मला जास्त लागली. माझा लसूण-मिरचीचा ठेचा. मी तो बरणीत भरून वर बोटभर तेल ओतायचे आणि ओट्यावर ठेवायचे. तेल वर तरंगलं की जिन्नस टिकतो, हे आईचं शिकवणं. कैरीच्या लोणच्याला ते लागू आहे, कारण तिथं आंबटपणा आणि भरपूर मीठ राखण करतात. लसणात आंबटपणा नाही. बोट्युलिझम म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा. तिच्या जंतूंचे मातीतून आलेले बीजाणू लसणाबरोबर येऊ शकतात, त्यांना हवा नकोच असते, आणि तेल नेमकी हवाच बंद करतं. मग ते वाढून विष तयार करतात. बरं, ना वास येतो, ना चव बदलते. साध्या परतण्यानं ते बीजाणू मरत नाहीत. आता ठेचा चार दिवसांत संपेल इतकाच करते, लिंबू पिळते आणि फ्रिजमध्ये ठेवते. लेकीला होस्टेलवर शेंगदाण्याची कोरडी चटणी पाठवते, उखळात कुटून तेल सुटेपर्यंत. तीसुद्धा निवडलेल्या दाण्यांचीच.

निवडून काढलेले दाणे आई म्हशीच्या घमेल्यात टाकायची, वाया कशाला घालवायचे म्हणून. मीही पूर्वी आमच्या दूधवाल्या दादांना द्यायचे. पण घाण्यात या विषाचा मोठा भाग पेंडीत उतरतो, आणि जनावरानं ते खाल्लं की थोडं दुधात येतं. आता खराब दाणे मी कागदात बांधून कचऱ्यात टाकते, गच्चीवरच्या कबुतरांनाही घालत नाही. निवडलेल्या दाण्यांची पेंड मात्र दादा हक्कानं मागून नेतात. या खेपेला घाण्यावर दाणे टाकायच्या आधीच येऊन उभे होते, रिकामं पोतं घेऊन.