तळमजल्यावरचा आउटडोअर आणि त्याचा पिंजरा

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला तसा हॉलमधला एसी लावला. आतलं युनिट नुसताच वारा फेकत होतं, खोली काही गार होईना. गॅस गेला असेल म्हणून मेकॅनिकला बोलावलं. तो मागच्या गल्लीत गेला आणि तिथूनच ओरडला, "दादा, गॅसचं सोडा, इथे आउटडोअरच नाहीये!"

छज्जावर आउटडोअरचा, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटचा, स्टँड तसाच होता. तांब्याच्या दोन नळ्या भिंतीतून वीतभर बाहेर आलेल्या, टोकं कटरने दाबून कापलेली आणि हिरवट पडलेली. म्हणजे चोरी ताजी नव्हती.

आमची ऐरोलीतली जुनी सिडकोची इमारत, घर तळमजल्यावर. मागे कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामध्ये अरुंद गल्ली, तिथे चेंबर तुंबल्याशिवाय कोणी फिरकत नाही. त्यात पावसाळाभर एसी बंद. चोराला आणखी काय हवं? आणि त्याला तुमचा एसी नकोच असतो. कंडेन्सरची कॉइल, कॉम्प्रेसरचं वायंडिंग, बाहेरच्या नळ्या, या सगळ्यातल्या तांब्याला भंगारात भाव मिळतो, म्हणून हा खटाटोप.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "कधी गेला?"

"जून ते ऑक्टोबरच्या मधे कधीतरी."

लिहिणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांचं राहतं, वर जुनं पुसून नवं चढतं, आणि कॅमेरा तोंड करून होता गेटकडे. "मग गहाळचा दाखला घेऊन जा," असं सुचवण्यात आलं. मी म्हटलं, साहेब, छत्री गहाळ होते, छज्जावरचं तीस-पस्तीस किलोचं धूड कसं गहाळ होईल?

खरी गोम किमतीत होती. "जुना होता ना? भंगारात चार हजार धरू." ऐकायला बिनमहत्त्वाचं वाटतं, पण इथे सावध राहावं. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३(२). चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरू शकतो, म्हणजे नुसती एनसी, अदखलपात्र नोंद, आणि तपास जवळजवळ नाहीच. एसीचं बिल मेलमध्ये होतं, त्यावर सीरियल नंबरही होता. मेकॅनिकने आपल्या लेटरहेडवर त्याच टनाच्या वापरलेल्या आउटडोअरची चालू किंमत लिहून दिली. ते दोन कागद पुढे ठेवल्यावर फिर्याद घेतली गेली. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घेतली. पंचनाम्याला दोघेजण आले, कापलेल्या नळ्यांचे फोटो काढून गेले.

विम्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे थोडक्यातच आटोपलं. गृहकर्जाबरोबर घेतलेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसी होती. तिच्यात आग, पूर यांसारखी घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांत चोरी झाली तरच भरपाई. नुसती चोरी बसत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. वॉरंटीचा तर प्रश्नच नव्हता.

मशीन जुनं नॉन-इन्व्हर्टर, त्याला जोडीचा आउटडोअर मिळणं कठीण. शेवटी दीड टनाचा नवा इन्व्हर्टर एसीच घेतला. मात्र पिंजरा होईपर्यंत खोका उघडायचा नाही, असं घरात ठरलं.

रबाळे एमआयडीसीच्या बाजूचा एक फॅब्रिकेटर आला. टेप लावली आणि म्हणाला, "मशीनच्या मापाचा टाइट बॉक्स करतो, पुढे बारीक जाळी, हात पण जाणार नाही." रेट किलोवर. योगायोगाने मेकॅनिकही तेव्हाच आला होता. त्याने कपाळाला हात लावला. आउटडोअर म्हणजे घरातली उष्णता बाहेर ओकणारं यंत्र. त्याच्या तोंडावरच बारीक जाळी मारली तर गरम हवा तिथेच घुटमळते, मशीन तीच परत ओढतं, प्रेशर चढतं, बिल वाढतं, ऐन मे महिन्यात ट्रिप होतं. मग दोघांची जुंपली. एकाला चोर दिसत होता, दुसऱ्याला कॉम्प्रेसर. मी चहा आणला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी ठरलेली गोष्ट हीच, की ते दोघे एकाच वेळी एकाच छज्जाखाली उभे होते.

जे ठरलं ते असं. जाळी नाही, चौकोनी बार, मधे चार-चार बोटांचं अंतर. मशीनच्या मागे वीतभर जागा, पुढे बारांपलीकडे पूर्ण मोकळं. व्हॉल्व्ह ज्या बाजूला येतात तिकडे दार, आणि ते इतकं मोठं की अख्खं मशीन आत सरकेल. कारण वेल्डिंगचं सगळं काम मशीन बसवण्याआधी उरकायचं. नव्या मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. शिवाय ठिणग्यांनी फिन्स, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पट्ट्या, खराब होतात. पिंजरा विटांच्या भिंतीत नाही तर छज्जाच्या आरसीसीत अँकर फास्टनरने, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टने, धरला, आणि नट फिरू नयेत म्हणून त्यांना वेल्डिंगचे छोटे टॅक (टाके) मारले. कुलपाच्या कडीवर पत्र्याची टोपी वेल्ड केली, म्हणजे कटरचं तोंड आत शिरत नाही.

नळ्यांकडे माझंही लक्ष गेलं नसतं. पण कॉइल पिंजऱ्यात आणि नळी भिंतीवर सहा फूट लोंबतेय, तर चोर नळीच कापून नेणार आणि गॅस फुकट जाणार. म्हणून मशीनच्या बरोबर मागे नवं होल पाडलं. कंपनीला नळीची किमान लांबी लागते, तेवढा वेटोळा पिंजऱ्याच्या आतच ठेवला.

ऐरोलीला खाडीची हवा, लोखंड टिकत नाही. गॅल्व्हनाइझ्ड बार घेतले, तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. त्या प्रत्येक सांध्यावर झिंकचा रंग मारून घेतला, तोही समोर उभं राहून. पावसाळ्यातही आता पंधरा दिवसांतून एकदा एसी दहा मिनिटं लावतो. मशीन जागेवर आहे की नाही ते निदान कळतं.

सोसायटीचं परवानगीपत्र सहज मिळेल असं वाटलं होतं, पण पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मीटिंगमध्ये हरकत घेतली. "तुमच्या पिंजऱ्यावर पाय देऊन चोर आमच्या गॅलरीत येईल त्याचं काय?" सगळे हसले, पण बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. म्हणून पिंजऱ्याच्या डोक्यावर चांगला उतार देऊन गुळगुळीत पत्रा बसवला, पाय ठरणार नाही असा. कमिटीने त्याच मीटिंगमध्ये मागच्या गल्लीसाठी एक कॅमेराही मंजूर केला.

पोलिसांकडून पुढे कळलं की प्रकरण 'अ समरी'त गेलं, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा काकू पुन्हा खाली आल्या. पत्र्यावर पाणी पडून रात्रभर ताशा वाजतो म्हणे. पत्र्यावर रबरी शीट चिकटवायची आहे, फॅब्रिकेटर या आठवड्यात येतो म्हणालाय.