दिवाळी मागे का जाते? तिसरीच्या वर्गासोबतचं माझं एक वर्ष

प्राथमिक शाळेत वर्षभर काही ना काही साजरं होतच असतं. जूनमधला प्रवेशोत्सव, मग आषाढीची दिंडी, १५ ऑगस्ट, शिक्षक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, बालदिन, संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, प्रजासत्ताक दिन, मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. यात सणांची भर वेगळीच. प्रत्येक वेळी ठरलेला क्रम असतो: प्रतिमापूजन, पाठ केलेली दोन-चार भाषणं, घोषणा, खाऊ. बोलणारी मुलं दरवर्षी साधारण तीच. बाकीची मांडी घालून बसतात आणि सांगितलं की टाळ्या वाजवतात.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२४-२५ला माझ्याकडे तिसरी होती. वर्षाच्या सुरुवातीला मी एवढंच ठरवलं होतं की कुठलाही दिवस असो, वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हाताला त्या दिवशी काहीतरी काम मिळालं पाहिजे. नेमकं काय काम, हे तेव्हा ठरलं नव्हतं. ते मुलांनीच ठरवलं.

ऑगस्टमध्ये परिपाठात दिनविशेष वाचून झाल्यावर एका मुलानं विचारलं, "बाई, पंधरा ऑगस्ट दरवर्षी पंधरालाच येतो. मग दिवाळी एका तारखेला का येत नाही?" तिसरीच्या गणितात दिनदर्शिका असतेच. महिन्यात किती दिवस, अमुक तारखेला कोणता वार, एवढं करून आपण पुढे जातो. मी उत्तर दिलं नाही. घरात जुनी कॅलेंडरं असतील तर घेऊन या, एवढंच सांगितलं.

आठवडाभरात वर्गाच्या कोपऱ्यात ढीग जमला. भिंतीवरचं कॅलेंडर आपल्याकडे सहसा कुणी टाकून देत नाही. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख असते, म्हैस कधी व्यायली तेही असतं. एका मुलीला २०२१च्या कॅलेंडरवर तिच्या धाकट्या भावाच्या जन्माची वेळ आजोबांच्या अक्षरात लिहिलेली सापडली. त्या दिवशी सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला, आणि ते पान पुन्हा पुन्हा बघून झाल्याशिवाय गणित पुढे सरकलं नाही. मला त्याची घाई नव्हती. कागदावरची तारीख ही खरोखर घडून गेलेल्या दिवसाची खूण असते, हे पुस्तकातल्या कॅलेंडरच्या चित्रावरून कळत नाही.

मग गट पाडले. एकेका गटाला एकेक साल दिलं आणि ठरावीक सण शोधून त्यांच्या तारखा फळ्यावर लिहायला लावल्या. लक्ष्मीपूजन: २०२१ला ४ नोव्हेंबर, २०२२ला २४ ऑक्टोबर, २०२३ला १२ नोव्हेंबर, २०२४ला १ नोव्हेंबर. रमजान ईद: १४ मे, ३ मे, २२ एप्रिल, ११ एप्रिल. मकर संक्रांत दोनदा १४ जानेवारी, दोनदा १५. नाताळ कायम २५ डिसेंबर, आंबेडकर जयंती कायम १४ एप्रिल. शिवजयंती कॅलेंडरवर दोनदा दिसते, एकदा १९ फेब्रुवारीला आणि एकदा तिथीप्रमाणे, हेही त्यांनीच दाखवून दिलं. ते मी मुद्दाम यादीत घातलं नव्हतं.

मुलांनी सणांचे गट केले आणि त्यांना नावंही दिली. "जागचे" म्हणजे १५ ऑगस्ट, १४ एप्रिल, नाताळ. "पळून परत येणारे" म्हणजे दिवाळी, पाडवा, बुद्ध पौर्णिमा. "नुसते मागे जाणारे" म्हणजे ईद. संक्रांतीवर वाद झाला. ती जागची म्हणावी तर एक दिवस हलते. शेवटी तिला एकटीला वेगळी जागा मिळाली.

दोन तारखांमधलं अंतर मोजायला लावलं तेव्हा खरी मजा आली. ४ नोव्हेंबर ते २४ ऑक्टोबर, ११ दिवस. १२ नोव्हेंबर ते १ नोव्हेंबर, परत ११. आणि ईद प्रत्येक वर्षी बरोबर ११ दिवसांनी मागे. तीन वेळा तोच आकडा आल्यावर मुलं फळ्याजवळ येऊन बोटांवर पुन्हा मोजू लागली. फक्त २०२२ ते २०२३ या वर्षात दिवाळी मागे जायच्या ऐवजी १९ दिवस पुढे गेली होती. तिथे काय झालं?

२०२३चं कॅलेंडर ज्या गटाकडे होतं त्यांनी जुलै-ऑगस्टच्या पानांवर "अधिक श्रावण" शोधून काढला. तेवढ्यात मागून एक मुलगा ओरडला, "बाई, तो धोंड्याचा महिना! बाबांना आज्जीनं अनारसे दिले होते!" मग काय, ज्याच्या त्याच्या घरी कोणत्या जावयाला काय वाण मिळालं होतं याची यादीच सुरू झाली. पंचांगातला अधिक मास त्यांना आधीपासून माहीत होता, फक्त तो गणितात येतो हे माहीत नव्हतं.

हे ११ दिवस येतात कुठून, ते आठ वर्षांच्या मुलाला सांगायचं तर सांगून भागत नाही. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून महिना एकदा २९ आणि एकदा ३० दिवसांचा धरायचा. सहा वेळा २९ आणि सहा वेळा ३०. ही बेरीज तिसरीच्या मुलाला जमते, उत्तर येतं ३५४. आम्ही चौकटीच्या वहीचे कागद कापून, चिकटवून पट्ट्या केल्या. एक चौकट म्हणजे एक दिवस. एक पट्टी ३६५ चौकटींची, तिच्याखाली दुसरी ३५४ची. व्हरांड्यात अंथरल्यावर खालची पट्टी जिथे संपली तिथून ११ चौकटी उघड्या राहिल्या. दुसरं वर्ष जोडलं, २२ राहिल्या. तिसरं जोडलं, ३३. महिन्याच्या ३० चौकटींपेक्षा जास्त. मग एका मुलीनं लाल कागदाचा एक महिना कापून खालच्या पट्टीला जोडला आणि दोन्ही टोकं जवळजवळ जुळली. अधिक महिना असा हातात आला. ईदच्या वर्षात हा लाल तुकडा जोडत नाहीत, म्हणून ती मागेच जात राहते आणि हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरून येते. हे वाक्य मी बोलायच्या आत दोघा-तिघांनी बोलून टाकलं.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. पालकसभेत काहींनी विचारलं की सणाला मुलांना नटवून नाच-गाणी का नाहीत. कुणाला वाटलं की चाचणी तोंडावर असताना पट्ट्या कापण्यात वेळ जातोय. मी मुलांच्या वह्या पालकांसमोर ठेवल्या. तीन अंकी बेरीज-वजाबाकी, महिन्यांची नावं, मोजमाप, तक्ता वाचणं, यातलं बहुतेक त्या कामात येऊन गेलेलं होतं. मुख्याध्यापक सरांनी साथ दिली. कार्यक्रमाचा अहवाल आणि फोटो वेळेवर द्या, बाकी तुमच्या वर्गात तुम्ही ठरवा, म्हणाले. नाच-गाणी मी बंद केली नाहीत. ती स्नेहसंमेलनात झाली, आणि छान झाली.

दसऱ्याच्या पाटीपूजनाला एकच्या आकड्यांची सरस्वती काढली. ती काढताना मध्यरेषा आखून घेतली, डावीकडे जेवढे एक तेवढेच उजवीकडे. आरसा धरून अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र कसं दिसतं ते पाहिलं. ज्याला हवं त्यानं दुसरी कुठलीही दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी काढावी, असं सांगितलं होतं. कुणी जाळीची नक्षी काढली, कुणी फुलपाखरू, एकानं गोधडीवरचे ठिगळांचे चौकोन काढले. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात, तेव्हा काम सगळ्यांना आपलं वाटेल असंच निवडावं लागतं. याबाबतीत मी जराही तडजोड करत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत चांदोबाची वही दिली. लक्ष्मीपूजनापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी बाहेर जायचं आणि चंद्र दिसेल तसा काढायचा. सुट्टीनंतर वह्या उघडल्या. काही चौकटींत "ढग" लिहिलेलं, एका चौकटीत "झोप लागली". पण कोर भरत जाते, तिचा फुगवटा मावळतीकडे असतो, आणि रोज चंद्र आदल्या दिवसापेक्षा उशिरापर्यंत आकाशात राहतो, हे बहुतेकांनी चित्रात बरोबर पकडलं होतं. पौर्णिमेनंतर पुढे काढत राहिलेल्या मुलांची तक्रार आली की चंद्र वेळेवर येतच नाही. मग तो सकाळी शाळेत येताना शोधायला सांगितला. सापडला.

संक्रांतीसाठी चंद्र कामाचा नव्हता, तिथे सूर्य हवा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवली आणि दुपारी सावलीच्या टोकाला खडूने खुणा केल्या. सगळ्यांना वाटलं होतं की सर्वांत छोटी सावली बरोबर बाराला पडेल. ती पडली साडेबाराच्या सुमाराला. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे सूर्य आपल्या डोक्याशी उशिरा येतो. हे पृथ्वीगोलावर दाखवलं. नेमकी तीच वेळ पोषण आहाराची, म्हणून गट पाळीपाळीनं ताट घेऊन काठीपाशी बसायचे.

पहिल्या मोजणीत सावली ८७ सेंटिमीटर होती. संक्रांतीच्या आसपास ८१. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, ४८. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला म्हणून हा दिवस साजरा होतो, हे सांगून झाल्यावर त्या दिवशी भाषण ठेवलं नाही. प्रत्येक गटानं आपला सावलीचा आलेख चिकटवला आणि दुसऱ्या वर्गांतल्या मुलांना समजावून सांगितला. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा पाचवीच्या मुलांना काठी सरळ नसेल तर माप कसं चुकतं ते दाखवत होता. हे बघायला त्याच्या आईला मी निरोप पाठवून बोलावून घेतलं.

याच आलेखावरून प्रश्न आला की सावली तर संक्रांतीच्या आधीपासूनच कमी होतेय, मग सूर्य त्या दिवशी उत्तरेकडे वळतो असं का म्हणतात. प्रश्न अगदी रास्त होता. खरं वळण २१-२२ डिसेंबरला असतं. फार पूर्वी, सुमारे १७०० वर्षांमागे, मकर संक्रांत आणि हे वळण जवळजवळ एकत्र यायचं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी संथ डुलतो, त्याचं एक वर्तुळ पूर्ण व्हायला जवळपास २६,००० वर्षं लागतात, त्यामुळे दोन्हींत अंतर पडत गेलं. तिसरीला एवढं पुरे. भोवरा मात्र वर्गात फिरवून दाखवला, मंदावताना तो कसा डुलतो ते पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा.

मार्चमध्ये सगळं एकत्र आलं. कॅलेंडरवर ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ला ईद. मुलांनी नोव्हेंबरमध्येच ११ एप्रिलमधून ११ दिवस वजा करून ३१ मार्च काढून ठेवला होता. बालसभेला एका विद्यार्थ्याच्या आईला बोलावलं. त्यांनी सांगितलं की चाँद दिसल्याशिवाय ईद होत नाही, आदल्या संध्याकाळी सगळे गच्चीवर जाऊन मावळतीकडे बघत राहतात. ते ऐकून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळी जी कोर दिसणार, तीच ईदची!" अमावास्या २९ मार्चला होती. ती संपली की चैत्र लागतो आणि कोर दिसली की रमजान संपतो. १ एप्रिलला शाळेत आल्याबरोबर कुणाला कोर कुठून दिसली, झाडाच्या किती वर होती, यावरच सकाळ गेली. काहींना ती ३०ला दिसलीच नाही, ३१ला दिसली. कुणाला कधी दिसली ते आम्ही तक्त्यावर लिहून ठेवलं.

मग पट्ट्या पुन्हा अंथरल्या. २०२६चा पाडवा १९ मार्चला येईल आणि ईद २०च्या आसपास, चंद्र दिसेल तशी. म्हणजे तेव्हाही शेजारी शेजारी. पण २०२३मध्ये जोडलेला लाल तुकडा २०२६ला परत लागणार, त्यामुळे २०२७चा पाडवा ७ एप्रिलला जाईल आणि ईद मार्चच्या पहिल्या पंधरवड्याकडे सरकेल. हा अंदाज मुलांनी मोठ्या कागदावर लिहून सह्या केल्या. तो कागद आता चौथीच्या वर्गात लावलेला आहे, तारखा येतील तशा तिथे बरोबरच्या खुणा होतील.

या वर्षीच्या तिसरीकडून मी जूनमध्येच जुनी कॅलेंडरं मागवली. त्यात २०१८चं निघालं, त्यात अधिक ज्येष्ठ आहे. २०२०चंही आलं, त्यात अधिक आश्विन. २०२३चा श्रावण आधीपासून आहेच. पहिल्या दोन अधिक महिन्यांमध्ये २८ महिन्यांचं अंतर पडतं आणि पुढच्या दोनांमध्ये ३४चं. असं कमी-जास्त का, हे मुलांनी लगेच विचारलं. त्याचं पूर्ण उत्तर तिसरीच्या गणितात बसत नाही, पण मोजणी बसते. त्यामुळे सध्या आम्ही आणखी जुन्या कॅलेंडरांच्या शोधात आहोत, आणि दोन आजोबांनी ट्रंका उघडून बघतो म्हणून सांगितलंय.