सेंट लुसिया: आधी बेटाची बाजू ठरवा, मग रिसॉर्ट

दोघांनी सेंट लुसियाला जायचं ठरलं की बहुतेक जण रिसॉर्टचे फोटो बघत बसतात. आम्ही सांगू, आधी नकाशा उघडा. हे कॅरिबियन बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण जेमतेम ४३ किलोमीटर, रुंदी २२ किलोमीटर. पण मधोमध डोंगर आहेत, त्यातला माउंट गिमी ९५० मीटर उंच, आणि रस्ते या डोंगरांना वळसे घालत जातात. उत्तरेचं रॉडनी बे आणि नैऋत्येचं सूफ्रिएर नकाशावर शेजारी दिसतात, पण गाडीने जायला दीड तास सहज लागतो, पाऊस असेल तर जास्तच. एका टोकाला राहून दुसरं टोक रोज बघू म्हणाल तर सगळी सुट्टी घाटात जाईल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. इथे जवळजवळ बारा महिने पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे अटलांटिक पूर्व किनाऱ्यावर थेट येऊन आदळतो. तिथे लाटा मोठ्या, पाण्याची ओढ जोरदार, पोहणं धोक्याचं. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे शांत राहतो. २०११ पासून त्यात सार्गासमची भर पडली आहे. हे तपकिरी समुद्री शेवाळ अटलांटिकमध्ये मोठ्या पट्ट्यात वाढतं आणि साधारण मार्च ते सप्टेंबर वाऱ्याबरोबर पूर्वेच्या खाड्यांमध्ये येऊन साचतं. किनाऱ्यावर कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याचा वास येतो आणि पाण्यात उतरावंसं वाटत नाही. पूर्वेच्या किंवा आग्नेयेच्या रिसॉर्टचा दर उन्हाळ्यात फारच उतरलेला दिसला तर त्यांना आधी शेवाळाचं विचारा. पोहण्यासाठी जाणाऱ्या जोडप्याने पश्चिम किनारा सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे.

लांब पल्ल्याची विमानं दक्षिण टोकाला, व्ह्यू फोर्टजवळच्या हेवनोरा विमानतळावर उतरतात. न्यूयॉर्कहून थेट विमानाला पाच तासांच्या आसपास लागतात, लंडनहून साधारण नऊ. राजधानी कॅस्ट्रीजला जॉर्ज चार्ल्स नावाचा दुसरा छोटा विमानतळ आहे, पण तिथे शेजारच्या बेटांवरची लहान विमानंच येतात. तिकीट काढताना कोणता विमानतळ आहे ते नीट वाचा. हेवनोराहून सूफ्रिएर पाऊण ते एक तासावर आहे, रॉडनी बे दीड तासावर. अधिकृत टॅक्सीच्या पाटीवर ‘टीएक्स’ ही अक्षरं असतात. मीटर नसतो, म्हणून भाडं अमेरिकी डॉलरमध्ये आहे की पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये, हे बसण्याआधीच पक्कं करा. गाडी लागण्याचा त्रास असेल तर गोळी सामानाच्या पट्ट्यापाशीच घ्या. वळणं सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी मित्रमंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असताना थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-वन-बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते. कॅरिबियन बेटांना ती चालत नाही. इथे आलात आणि शिक्का संपलेला असला तर परतीच्या विमानात बसता येणार नाही. भारतीय पासपोर्टवर सेंट लुसियात प्रवेशाचा त्या वेळचा नियम काय आहे, तेही तिकिटाआधीच बघा. भारतातून लंडनमार्गे येताना हिथ्रो विमानतळावरून गॅटविक विमानतळावर जायचं असेल, तर ब्रिटनच्या व्हिसाचाही विचार करावा लागतो.

आता मुक्कामाचा क्रम. सात रात्री असतील तर पहिल्या तीन दक्षिणेला सूफ्रिएरजवळ आणि नंतरच्या चार उत्तरेला रॉडनी बेमध्ये, अशी विभागणी आम्हाला सर्वांत पटते. उलटा क्रम वरवर सोयीचा वाटतो, कारण शेवटच्या दिवशी विमानतळ जवळ पडतो. पण दक्षिणेला ग्रोस पिटन या सुळक्याची चढाई आहे आणि डायव्हिंगही आहे, आणि त्यांचा एकमेकांशी आणि विमानाशी संबंध आहे. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. ग्रोस पिटनचा माथा पावणेआठशे मीटरच्या आसपास आहे. एवढी उंचीही यात धरली जाते, शिवाय डाइव्हनंतर लगेच दमणूक नकोच. तेव्हा आधी चढाई, मग डाइव्ह, मग उत्तरेला निवांत दिवस आणि शेवटी विमान.

ग्रोस पिटनची वाट फाँ जाँ लिब्र या वस्तीतून सुरू होते. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो आणि त्याचं शुल्क तिथेच भरायचं असतं. जाऊन-येऊन चार ते पाच तास. पहिला अर्धा भाग सोपा आहे. मध्यावर त्याच्या जोडीचा सुळका पेटिट पिटन समोर दिसतो, आणि अनेक जण तिथूनच समाधानाने परततात. त्यापुढे दगड आणि मुळांच्या गुडघाभर उंच पायऱ्या लागतात. सह्याद्रीत फिरलेल्यांना वाट अवघड वाटणार नाही, दमवतो तो दमटपणा. झाडीतून वारा येत नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी आणि थोडं मीठ-साखर घ्या, आणि सकाळी सातच्या सुमारास चढायला लागा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर उतरताना मुळांवरून पाय घसरतो. गुडघे दुखत असतील तर तेत पॉलची वाट धरा. पाऊण तासात दोन्ही पिटन दिसतात. पेटिट पिटन मात्र खूप उभा आहे आणि तिथे दोरांवर भिस्त ठेवावी लागते. सुट्टीला आलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. या दोन्ही सुळक्यांसह आसपासचा परिसर २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सूफ्रिएरजवळच सल्फर स्प्रिंग्ज आहेत. इथे ज्वालामुखीच्या कुंडाजवळपर्यंत गाडी जाते. कुंड बघण्याचं आणि चिखलस्नानाचं तिकीट वेगवेगळं असू शकतं, दोन्ही हवं असेल तर तसं सांगा. आधी कोमट कुंडात बसायचं, मग बादलीतला राखाडी चिखल अंगाला लावायचा, उन्हात तो वाळून ताणला जाईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा कुंडात उतरून धुवायचा. पोहण्याचे कपडे गडद आणि जुने घाला, फिकट कपड्यांवरचे डाग जात नाहीत. जोडवी, पैंजण, चांदीच्या अंगठ्या खोलीतल्या तिजोरीत ठेवून या. इथल्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड चांदीला काळं करतो, आणि कमी कॅरेटच्या सोन्यात चांदी-तांबं असल्यामुळे मंगळसूत्रही मंदावतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी गरम कुंडात बसू नये. नंतर जवळच्या तोराय धबधब्याच्या गार पाण्याखाली उभं राहिलं की उरलेला चिखल निघतो आणि थकवाही जातो.

या भागातली वाळू ज्वालामुखीमुळे करडी-काळपट आहे. दोन पिटनच्या मध्ये दिसणारी पांढरी वाळू मुद्दाम बाहेरून आणून टाकलेली आहे. काळपट वाळू दुपारी पाय भाजते, चपला पाण्याच्या कडेपर्यंत न्या. पण स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे डोळ्यांवर मुखवटा आणि तोंडात नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघण्यासाठी, हीच बाजू उत्तम. आन्स शास्ताने इथे किनाऱ्यापासून काही मीटरवर प्रवाळ सुरू होतं, उत्तरेच्या कड्याखाली ते सर्वांत भरगच्च आहे. दुपारी कॅस्ट्रीजहून पर्यटकांच्या कॅटामरान बोटी येतात आणि पाणी ढवळलं जातं, म्हणून सकाळी नऊच्या आत उतरा. दोराने आखलेल्या भागाबाहेर जाऊ नका, तिथून बोटी जातात. मिशी असेल तर मुखवट्यात पाणी झिरपतं. मिशीवर सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीनने मुखवट्याची कड खराब होते. पोहता येत नसेल तर फुगवायचं जॅकेट मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रवाळावर उभं राहू नका. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट अंगालाही बरा आणि प्रवाळालाही.

कोकणात समुद्रावर जाताना भरती-ओहोटी बघायची सवय असते. मुंबईला भरतीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो. इथे तो अर्ध्या मीटरच्याही आतबाहेर असतो, त्यामुळे दिवसभर किनारा जवळजवळ तेवढाच राहतो. ऊन मात्र आपल्यासारखंच आहे. बेट १४ अक्षांशावर, म्हणजे गोव्याच्याही थोडं खाली. वाऱ्यामुळे ते जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ लाल झालेली दिसते.

किनाऱ्यावरचं मँचिनील हे झाड ओळखायला शिका. चकचकीत हिरवी पानं, छोट्या सफरचंदासारखी हिरवट फळं. फळ विषारी, चीक अंगावर फोड आणणारा. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी पानांवरून निथळणारं पाणी त्वचा भाजतं. बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण तो नसला म्हणून झाड निर्धोक समजू नका.

सूफ्रिएरकडची रिसॉर्ट डोंगरउतारावर आहेत. समुद्राचा देखावा जितका सुंदर, तितक्या पायऱ्या जास्त. खोलीपासून किनाऱ्यापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि रिसॉर्टची गाडी किती वेळाने येते, हे ईमेलने लेखी विचारा. काही खोल्यांना समुद्राकडची भिंतच नसते. पिटन थेट पलंगावरून दिसतो, पण वातानुकूलन नसतं आणि संध्याकाळी डास येतात. तिथे मच्छरदाणी नीट खोचून घ्या. डेंगी या बेटावरही होतो.

उत्तरेला सूफ्रिएरहून समुद्रमार्गे जा. वॉटर टॅक्सीने कॅस्ट्रीजपर्यंत पाऊण तासाच्या आसपास लागतो, घाट टळतो आणि पश्चिम किनारा पाण्यातून बघायला मिळतो. सकाळी समुद्र जास्त शांत असतो. बॅगांना मोठ्या प्लॅस्टिक पिशव्या घाला. रॉडनी बेचा रेद्वी किनारा लांब, सोनेरी, उथळ उताराचा आहे. बेटावरचे किनारे सार्वजनिक आहेत. रिसॉर्टच्या खुर्च्या त्यांच्या पाहुण्यांसाठी, वाळू सगळ्यांची. पिजन आयलंड १९७२ मध्ये भराव घालून जमिनीला जोडलं गेलं. वरच्या किल्ल्यावरून उत्तरेला मार्टिनिक दिसतं. दर शुक्रवारी रात्री ग्रोस आयलेटच्या रस्त्यावर खाणं, संगीत, नाच असतो. म्हणून आपला शुक्रवार उत्तरेला येईल असं बघा. त्याच गावात डॅरेन सॅमी क्रिकेट मैदान आहे. २४ जून २०२४ ला रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा केल्या त्या इथेच. कॅस्ट्रीजला जायला १ए क्रमांकाची मिनीबस टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे खोलीच्या दरातच खाणंपिणं, घ्यावं का? उत्तरेला आम्ही नको म्हणू, कारण चालत जाण्याजोगी खाण्याची ठिकाणं भरपूर आहेत. सूफ्रिएरच्या डोंगरावर घ्यावं, कारण रात्री जेवायला गावात उतरायचं म्हणजे प्रत्येक वेळी टॅक्सी. शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी कळवा आणि तिथे पोचल्यावर स्वयंपाकघरातल्या माणसाशी थेट बोला. कॅलालू हे अळूच्याच पानांचं सूप, चव ओळखीची लागते, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असू शकतं. यादीत ‘ग्रीन फिग’ दिसलं तर ते अंजीर नाही, कच्चं केळं आहे, आणि बरोबर बहुतेक खारा मासा येतो. नीरफणस भाजून मिळतो, तो नक्की खा. रोटीत बटाटा-छोल्यांचं सारण मागता येतं. सकाळी कोको टी घ्या. किसलेला कोको, दालचिनी आणि जायफळ घालून उकळलेला असतो.

एक अमेरिकी डॉलर म्हणजे २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर. हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. दुकानात अमेरिकी नोटा चालतात, सुटे मात्र स्थानिक चलनात परत येतात, म्हणून लहान नोटा जवळ ठेवा. बिलात सेवाशुल्क आधीच धरलं आहे का ते बघूनच टिप द्या. वीज २४० व्होल्टची, आपल्यासारखीच, पण सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे तीन चपट्या पिनांचे. लष्करी नक्षीचे कपडे नागरिकांना घालायला बंदी आहे. तशी टोपी किंवा पिशवीही घरीच ठेवा.

दर डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चढे असतात. आम्ही मे महिना सुचवू. पाऊस अजून वाढलेला नसतो, दर उतरलेले असतात, आणि पश्चिमेला शेवाळाचा त्रास कमी. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. २०१० च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या टोमास वादळाने सूफ्रिएरकडे दरडी कोसळून मोठं नुकसान झालं होतं. या महिन्यांत जायचं असेल तर विमा बुकिंगच्या दिवशीच काढा. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ धरलं जात नाही.

परतीच्या दिवशी रॉडनी बेहून विमानाच्या वेळेआधी पाच तास निघा. बहुतेक विमानं दुपारची असतात आणि कॅस्ट्रीजच्या सकाळच्या गर्दीत अर्धा तास सहज जातो. टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.