तुम्ही विचारलंत म्हणून : ‘पाय घसरून’ असे मी का लिहिले

ठाण्यात ओळखीच्या घरातले कोणी वयस्कर माणूस पाण्यात किंवा गॅलरीखाली सापडले की पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यानंतरही मला फोन येतो : अपघात की आत्महत्या, हे तुम्ही ठरवता कसे? मुंबईत १९९९ पर्यंत त्यासाठी कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी होता. आमच्याकडे ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद, मरणोत्तर पंचनामा आणि जबाब पोलीसच करत आणि अहवाल कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाई. बुडून मृत्यू झाला हे शवविच्छेदनात कळते. माणूस घसरला की आपणहून उतरला, हे कळत नाही.

एका पहाटे तलावाच्या पायरीवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांच्या चपला जोडीने ठेवलेल्या सापडल्या. डाव्या चपलेत, घडी घातलेल्या रुमालात गुंडाळलेला चष्मा होता. सून म्हणाली, “अण्णा रोज फिरून आले की पाय धुवायला खाली उतरायचे, चपला काढूनच.” खालच्या पायरीवर शेवाळ होते आणि चिठ्ठी कुठेच नव्हती. मुलगा हात जोडून म्हणाला, “साहेब, आमच्या घरात तसलं काही नाही.” मी ‘पाय घसरून’ असे लिहिले, पंचांनी सह्या केल्या आणि दुपारच्या आत मृतदेह घरच्यांच्या ताब्यात दिला.

अहवाल गेल्यानंतर काही आठवड्यांनी दूधवाला सहज बोलून गेला की महिना संपायला अकरा दिवस असताना, आदल्याच संध्याकाळी, अण्णांनी त्याचा हिशेब मिटवला होता.

साक्षीदार नाही, चिठ्ठी नाही, शेवाळ मात्र आहे. अशा वेळी दुसरे काय लिहायचे, असे मी वरिष्ठांना सांगितले असते आणि आजही सांगेन. पण त्या जागी वीस वर्षांचा मुलगा असता, तर मी त्याचा मोबाइल तपासला असता, मित्रांना बोलावले असते. अण्णांना झोप लागत होती का, पत्नी गेल्यापासून ते कोणाशी बोलत होते, एवढेही मी विचारले नाही. वय झालेला माणूस घसरणारच, हे मी जबाब घेण्याआधीच धरून चाललो होतो. घरच्यांवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा संशय येऊ नये म्हणून तसे लिहिले, असे मी पुढे स्वतःला समजावत राहिलो; त्या सकाळी तो विचार माझ्या मनात आलाही नव्हता.

इंग्लंडमध्ये २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार आत्महत्या ठरवायला ‘अधिक संभाव्य काय’ एवढी कसोटी पुरते. ती कसोटी लावून मी तो पंचनामा मनात कितीदा तरी पुन्हा लिहिला आहे. पाय धुताना चष्मा कोणी काढत नाही. पण तोंडावर पाणी मारायचे असेल तर काढतो. ते रोज काढत होते का, हे सुनेला एका वाक्यात सांगता आले असते.