येथे सर्व प्रकारचे खडे मिळतील

दुकानाची पहिली पाटी आजोबांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती: ‘येथे सर्व प्रकारचे खडे मिळतील.’ साल १९५४. दुकान म्हणजे पुण्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याचा ओटा, एक बैठं डेस्क आणि भिंग. पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं आली. एकाला दाढीनंतर फिरवायला तुरटीचा खडा हवा होता, एका आजींना हिंगाचा, आणि तिसरे गृहस्थ मुतखड्यावर औषध देता का, असं विचारत होते. माणिक मागणारा दुसऱ्या महिन्यात उगवला.

‘रत्नं मिळतील’ असं का नाही लिहिलं, हे आजोबांना पुढे प्रत्येकाने विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. लग्नात भटजी चौदा रत्नांचं मंगलाष्टक म्हणतात ना, ते नीट ऐका. लक्ष्मी, पारिजातक, चंद्र, ऐरावत, कामधेनू, घोडा, शंख, अगदी विषसुद्धा. चौदांत दगड एकच, कौस्तुभ. उरलेले तेरा मी कुठून आणून देऊ?

आमच्या घरात रत्न हा शब्द तसा धोक्याचाच होता. परीक्षेत आपटलो की अण्णा, म्हणजे वडील, पाहुण्यांना सांगायचे, “हे आमचं रत्न.” आणि चौदावं रत्न म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. बाहेर मात्र शब्दाचा थाट मोठा. मुलगी झाली की पत्रिकेत ‘कन्यारत्न’, पुरस्कार म्हटला की कसलं ना कसलं रत्न. धंद्यात आम्ही एकमेकांशी बोलताना खडाच म्हणतो. पाच लाखांचा असला तरी.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पाणी ओसरल्यावर ओट्यावर गुडघाभर गाळ होता आणि मालाची पेटी त्यात कुठेतरी उलटी पडलेली. आजीने सूप आणि पिठाची चाळण आणली. एकाने घमेल्यातून गाळ ओतायचा, दुसऱ्याने वरून तांब्याने पाणी सोडायचं, आजीने बोटं फिरवायची. पाणीसुद्धा गढूळच. तीन दिवस हे चाललं. तांदळातले खडे निवडणाऱ्या हाताला चिखलातले खडे निवडणं अवघड गेलं नाही, फक्त या वेळी जे टाकायचं ते ठेवायचं होतं.

माणकं-नीलम धुतल्यावर जसेच्या तसे निघाले. हिऱ्याखालोखाल कठीण दगड तो, कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर दहात ९, गाळातली वाळू त्याचं काय बिघडवणार! मोती आणि पोवळी मात्र मऊ, ३-४ च्या आसपास. त्यांच्यावर ओरखडे पडले ते पडलेच. पण खरं नुकसान वेगळंच होतं. प्रत्येक खडा कागदाच्या पुडीत असायचा आणि पुडीवर शाईने नाव, वजन, भाव. कागद गेले. खडे उरले आणि कोणता कोण हेच कळेना. तांबडा दिसतोय तो माणिक, गोमेद, की नुसती काच?

आजोबांचं खरं शिक्षण त्या पावसाळ्यात झालं. खडा वरच्या ओठाला लावायचा: काच त्यामानाने कोमट लागते, माणिक गार. भिंगाखाली बारीक गोल बुडबुडे दिसले की काच नाहीतर भट्टीत बनवलेला कृत्रिम माल. गोमेदाच्या पोटात पाकात हलल्यासारखं दिसतं, ते एकदा बघितलं की विसरत नाही. पाचू अगदी निर्मळ दिसला तर आधी संशय घ्यायचा. दिवाळीपर्यंत सगळ्या पुड्या नव्याने लिहून झाल्या. सहा तांबडे खडे तेवढे राहिले. त्यांच्यावरून आजोबा आणि त्यांच्या धाकट्या भावात एकमत होईना. ते सुपारीच्या डबीत गेले.

अण्णांचा काळ धावपळीचा. पाचू जयपूरच्या जोहरी बाजारातून, अकीक खंबायतहून, पॅसेंजरने, कमरेला कसा, म्हणजे कापडी पिशवी, बांधून. आजोबा गुंजेत बोलायचे, तोळ्याला ९६ गुंजा. अण्णा कॅरेटमध्ये, म्हणजे २०० मिलीग्रॅममध्ये. ज्योतिषी रत्तीत लिहून देतात. सव्वापाच रत्तीची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला वजन समजावून देण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या आहेत.

धंदा माझ्याकडे आल्यावर मीही एक मोठी चूक केली. २००७ च्या सुमारास एका दलालाकडून माणकांचा लॉट घेतला. भाव बेताचा, रंग झकास. खडा टाकून बघावा म्हणून निम्मी किंमत सांगितली आणि तो लगेच ‘हो’ म्हणाला. तेव्हाच उठायला हवं होतं. चार महिन्यांनी एक बाई अंगठी सैल करायला घेऊन आल्या. कारागिराने अंगठी तापवली, नेहमीप्रमाणे साफ करायला तेजाबात टाकली आणि बाहेर काढली, तर खड्यावर पांढरट भेगांचं जाळं. माणिक खरा होता, पण चिरा शिशाच्या काचेने भरून काढलेल्या. अशा खड्याला आच सोसत नाही, लिंबाचा रससुद्धा सोसत नाही. महिनाभर त्या दलालाच्या नावाने खडे फोडले, मग वही काढून त्या लॉटमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन केला. अकरा अंगठ्या परत घेतल्या. तेव्हापासून ठरावीक किमतीवरचा खडा प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय देत नाही.

खडा लाभेल का, हे मात्र मी सांगत नाही. खरा आहे का, एवढंच सांगतो. नीलम अनामत ठेवून तीन रात्री उशाखाली ठेवायला नेतात, ती पद्धत आजोबांपासून चालू आहे. एक गृहस्थ दुसऱ्याच दिवशी परत आले, स्कूटर पंक्चर झाली म्हणून. मी नीलम ठेवून घेतला आणि त्यांना समोरच्या पंक्चरवाल्याकडे पाठवलं.

आता मुलगी सोबत असते. रत्नशास्त्र रीतसर शिकून आलीय. तिचं पहिलं भांडण पाटीवरून. तिचं म्हणणं, लोक मोबाइलवर ‘रत्न’ शोधतात, ‘खडे’ टाकलं की अजूनही मुतखड्याचे उपायच येतात. म्हणजे १९५४ पासून काही बदललेलं नाही! शेवटी नवी पाटी झाली, ‘रत्ने व राशीचे खडे’. तिने एक नवा कप्पाही सुरू केला आहे. वाघोलीच्या खाणींत रस्त्याची खडी फोडताना कधीकधी काळ्या दगडाच्या पोकळीत मोरपंखी निळे स्फटिक सापडतात, कॅव्हॅन्साइट. दागिन्यात चालत नाही, फार ठिसूळ. पण संग्रह करणारे जपून नेतात. खडीच्या खाणीतला खडा आजोबांना आवडला असता.

गेल्या महिन्यात तिने सुपारीची डबी उघडली. सहांतला एक खडा अपवर्तनमापकावर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून मला बोलावलं. रेघ एकच, १.७१८ वर. माणकाच्या दोन दिसतात, १.७६ च्या पुढे. म्हणजे लालडी (स्पिनेल), माणकासारखा दिसणारा पण वेगळाच दगड. आजोबा माणिक म्हणत होते, त्यांचा भाऊ काच. तिने नवी पुडी घडी करून वर नाव आणि वजन लिहिलं. भावाची जागा कोरी ठेवलीय. बाकीचे पाच बघायचे आहेत, श्रावणातली गर्दी ओसरली की.